पाणी नेमकं कुठे मुरतंय?

टू-डी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात पडला की घरातले सगळे आधी एक आकडा शोधतात. ईएफ (हृदयाची रक्त बाहेर टाकण्याची क्षमता) ६० टक्के आहे ना, मग झालं. रिपोर्ट फाइलमध्ये जातो आणि फाइल कपाटात. पण आपल्याकडच्या बहुतेक रिपोर्टांच्या खालच्या बाजूला एक ठरलेली ओळ असते : नो क्लॉट, नो व्हेजिटेशन, नो पेरिकार्डियल इफ्यूजन. हृदयात गुठळी नाही, झडपांवर जंतुसंसर्गाचे कोंब नाहीत, हृदयाभोवती पाणी नाही. ही ओळ कुणी वाचत नाही, आणि वाचावी लागत नाही हे नशीबच. मात्र तिच्यातले शेवटचे तीन शब्द छातीठोकपणे लिहिता यायला वैद्यकाला दोनशे वर्षं लागली.

हृदय छातीत उघडंबोडकं लटकत नसतं. त्याच्याभोवती दुपदरी पिशवी असते. तिलाच पेरिकार्डियम किंवा हृदयावरण म्हणतात. दोन पदरांच्या मध्ये तीन ते दहा चमचे, म्हणजे साधारण १५ ते ५० मिलीलिटर द्रव असतो. घर्षण होऊ नये म्हणून बिजागरीत तेल सोडावं, तेवढंच त्याचं काम. पिशवीला सूज आली, क्षयाचे जंतू तिथे पोचले, कर्करोग पसरला, मूत्रपिंडं निकामी झाली किंवा छातीवर घाव बसला की हा द्रव वाढतो. बाहेरचा पदर चिवट असतो, झटकन ताणला जात नाही. त्यामुळे प्रश्न पाणी किती याहून ते किती वेगानं साठलं, हा असतो. महिनोन्‌महिने हळूहळू साठलं तर लिटरभर पाणी घेऊनही माणूस हिंडतोफिरतो. तेच दोनशे मिलीलिटर घटकाभरात भरलं तर बाहेरून दाबलेल्या हृदयात रक्त शिरायलाच जागा उरत नाही. या अवस्थेला जर्मन शल्यविशारद एडमुंड रोझ यांनी १८८४ मध्ये टॅम्पोनाड म्हटलं. मराठीत बूच बसणं म्हणावं, तसाच काहीसा अर्थ.

अशा रोग्याच्या हाताशी तास-दोन तास असतात. तेवढ्यात पाणी आहे की नाही हे कळायला हवं, आणि नेमकं तेच कळत नव्हतं.

पहिला उपाय वाजवून बघण्याचा. बाजारात मडकं आपण वाजवूनच घेतो, कलिंगडही. ग्राझच्या एका खानावळवाल्याचा मुलगा लिओपोल्ड आउएनब्रुगर यानं व्हिएन्नात रोग्यांच्या छात्या तशाच वाजवून पाहिल्या. वडिलांच्या तळघरातली दारूची पिंपं कुठवर भरली आहेत हे वाजवून ओळखतात, तिथून त्याला हे सुचलं अशी कथा सांगतात. हवेनं भरलेली छाती घुमते, पाणी असेल तिथे बद्द वाजते. १७६१ मध्ये त्यानं छोटं पुस्तक लिहिलं आणि जवळजवळ सगळ्यांनी ते बाजूला टाकलं. पुढे १८०८ मध्ये नेपोलियनचा वैद्य कॉर्व्हिझार यानं त्याचं फ्रेंच भाषांतर केल्यावर वाजवणं रूढ झालं. याच आधारावर १८४० मध्ये व्हिएन्नातच फ्रान्झ शू यांनी हृदयावरणात सुई घालून पाणी काढलं. छाती उघडायची नाही, आत बघायचं साधन नाही, बोटांनी जे ऐकलं त्यावर विसंबून सुई टोचायची. त्यांच्या धाडसाला दाद द्यावी की रोग्याच्या, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसरा उपाय ऐकण्याचा. स्टेथोस्कोप शोधणाऱ्या लाएनेकच्या हाताखाली काम करणाऱ्या व्हिक्टर कोलँनं १८२४ मध्ये एक आवाज नोंदवला. सुजलेल्या पिशवीचे दोन खरखरीत पदर एकमेकांवर घासले की नवं कातडं करकरावं तसा आवाज येतो. नवीकोरी कोल्हापुरी घालून पहिल्या दिवशी चालणाऱ्याला हा आवाज वेगळा समजावून सांगायला नको. गोची अशी, की सूज वाढून पाणी साठलं की पदर एकमेकांपासून दूर होतात आणि बऱ्याचदा करकर थांबते. आवाज गेला म्हणून डॉक्टरनं निःश्वास सोडावा, तर खरा धोका तिथेच सुरू व्हायचा.

पुढे खुणा वाढत गेल्या. श्वास आत घेताना नाडी दबते, हे जर्मन वैद्य कुसमाउल यांनी १८७३ मध्ये दाखवलं. डाव्या खवाट्याच्या टोकाखाली बद्द वाजणारा तळहाताएवढा भाग विल्यम इवार्ट यांनी १८९६ च्या सुमारास सांगितला. क्लीव्हलंडच्या क्लॉड बेक यांनी १९३५ मध्ये तीन खुणांची सांगड घातली : रक्तदाब उतरलेला, मानेच्या शिरा टरारलेल्या, हृदयाचे ठोके दूरवरून यावेत तसे मंद. वैद्यकाचा विद्यार्थी आजही परीक्षेत बेकची त्रयी म्हणून हे घडाघडा म्हणतो. पण तिन्ही खुणा एकत्र दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

एक्स-रे आला तेव्हा वाटलं, आता सुटलं. पाण्यानं फुगलेल्या हृदयाची सावली तळाशी पसरट, वर निमुळती, पखालीसारखी दिसते. मात्र अडीचशे मिलीलिटरच्या आसपास पाणी साठल्याशिवाय सावली बदलत नाही. शिवाय स्नायू कमजोर होऊन हृदय स्वतःच सैलावलं तरी ती अशीच दिसते. एकाला पाणी काढायची सुई हवी, दुसऱ्याला त्याच सुईनं जीव गमवावा लागेल, आणि फोटो दोघांचा सारखा.

म्हणून १९५० च्या दशकात एक उपाय निघाला. तो वाचताना आज अंगावर काटा येतो. रोग्याला डाव्या कुशीवर झोपवायचं. हाताच्या शिरेतून ५० ते १०० मिलीलिटर कार्बन डायऑक्साइड सोडायचा. वायू वर तरंगून हृदयाच्या उजव्या कप्प्यात बुडबुडा करून थांबतो. तेवढ्यात आडवा एक्स-रे काढायचा. एका बाजूला बुडबुडा, दुसऱ्या बाजूला फुप्फुसातली हवा, मध्ये जो पट्टा उरेल तो हृदयाच्या भिंतीचा आणि आवरणाचा. पट्टा काही मिलिमीटरहून जाड दिसला तर पाणी आहे. कार्बन डायऑक्साइड रक्तात झपाट्यानं विरघळतो, म्हणून हे निभावून जायचं. तरी धापा टाकणाऱ्या माणसाच्या शिरेत मुद्दाम वायू सोडायचा, तेही फक्त शंका फेडायला!

याच काळात स्वीडनच्या लुंड गावात इंगे एडलर नावाचे हृदयतज्ज्ञ वेगळ्याच काळजीत होते. संधिवाताच्या तापानं आखडलेली माइट्रल झडप शस्त्रक्रियेनं मोकळी करता येऊ लागली होती. पण झडप आखडलेली आहे की गळती आहे, हे आधी नक्की व्हायला हवं होतं, कारण गळक्या झडपेवर तीच शस्त्रक्रिया केली तर रोगी दगावायचा. युद्धात रडार ढगांपलीकडचं विमान दाखवतं, मग ते छातीपलीकडचं हृदय का दाखवणार नाही, असं त्यांना वाटलं. हा प्रश्न हेल्मुट हर्ट्झ या तरुण भौतिकशास्त्रज्ञाकडे गेला. रडार इथे चालणार नाही, पण ध्वनी चालेल, असं हर्ट्झचं म्हणणं पडलं.

या हर्ट्झचं घराणं सांगायलाच हवं. वडील गुस्ताफ हर्ट्झ यांना १९२५ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेलं. वडिलांचे काका म्हणजे रेडिओलहरी सिद्ध करणारे हाइनरिश हर्ट्झ. ध्वनीची वारंवारता आज आपण ज्या एककात मोजतो, ते त्यांच्याच नावाचं. आडनावच एकक झालेल्या घरातल्या मुलानं ध्वनीकडे वळावं, यात नवल ते काय.

लुंडपासून वीसेक किलोमीटरवर माल्मो बंदरात कॉकुम्स ही जहाजं बांधणारी कंपनी होती. जहाजाच्या पोलादी पत्र्यात, सांध्यात आत तडा गेलाय का हे बघायला तिथे अतिध्वनीचं (अल्ट्रासाउंडचं) यंत्र वापरत. पोलादावर टेकवलं की ध्वनी आत जातो, तड्यावर आपटून परत येतो, पडद्यावर उंचवटा उमटतो. हर्ट्झनं शनिवार-रविवारपुरतं ते यंत्र मागून घेतलं आणि स्वतःच्या छातीवर टेकवलं. पडद्यावरचा एक उंचवटा त्याच्या हृदयाच्या तालावर पुढेमागे सरकत होता. वडिलांनी पूर्वी सीमेन्समध्ये संशोधन विभाग सांभाळला होता. ती ओळख कामी आली आणि सीमेन्सनं एक यंत्र लुंडला वापरायला दिलं. २९ ऑक्टोबर १९५३ रोजी एडलर आणि हर्ट्झ यांनी सरकत्या फिल्मवर हृदयाच्या हालचालीचा पहिला आलेख घेतला.

आलेखावर रेषा उठत होत्या, पण कुठली रेषा कशाची? एक रेषा विशेष चपळ होती. एडलरना आधी ती डाव्या कर्णिकेच्या भिंतीची वाटली. खात्री कशी करायची? मरणासन्न रोग्यांवर त्यांनी ध्वनीचा झोत कुठून आणि कोणत्या दिशेनं गेला हे छातीवर खुणा करून ठेवलं आणि मृत्यूनंतर त्याच दिशेनं बर्फ फोडायचा टोच्या आत घालून तो कशाला लागतो हे पाहिलं. टोच्या माइट्रल झडपेच्या पुढच्या पाकळीला लागत होता. म्हणजे चपळ रेषा भिंतीची नव्हती, झडपेचीच होती. एडलर जिच्या शोधात होते ती त्यांच्या समोरच नाचत होती.

पाण्याची गोष्टही एडलरच्या नजरेतून सुटली नव्हती. हृदयावरणातलं पाणी अतिध्वनीत कसं दिसतं हे त्यांनी १९५५ मध्येच मांडलं. पण त्यांचा जीव झडपेत गुंतलेला होता, आणि बाहेरच्या जगानंही या शोधाकडे फारसं लक्ष दिलं नाही. स्वतः हर्ट्झही हळूहळू दुसरीकडे वळला आणि शाईचे बारीक थेंब फेकून छपाई करण्याच्या तंत्रात त्यानं नाव काढलं.

आता इंडियानापोलिस. हार्वी फायगेनबॉम तिशीचे होते आणि हृदयात नळ्या घालून दाब मोजण्याचं काम करत होते. नळ्यांमधून जेवढं कळतं तेवढ्यावर ते खूश नव्हते. १९६३ मध्ये अतिध्वनीनं हृदयाचं आकारमान मोजता येतं, अशी एक जाहिरात त्यांनी पाहिली. चौकशी केली तर सगळी हवाच होती. एखाद्यानं विषय तिथेच सोडला असता. त्याच वर्षी लॉस एंजेलिसला अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या अधिवेशनात ते कंपन्यांच्या दालनांतून फिरत होते. एका ठिकाणी मेंदूसाठीचं अतिध्वनी यंत्र मांडलं होतं. कवटीत एका बाजूला रक्त साकळलं की मेंदूची मध्यरेषा सरकते, ती मोजणारं. फायगेनबॉमनी त्याची टोकणी (प्रोब) स्वतःच्या छातीला लावली. खूप आतून एक संकेत आला आणि तो हृदयाबरोबर हलत होता. हृदयाची मागची भिंत असणार, हे त्यांनी ताडलं. मग त्यांनी तिथल्या माणसाला विचारलं, की या भिंतीमागे पाणी असेल तर काय दिसेल? पाण्यातून प्रतिध्वनी येणार नाही, ती जागा रिकामी दिसेल, असं उत्तर मिळालं.

माझ्या लेखी या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा क्षण हाच. तोवर बहुतेकजण यंत्र काय दाखवतं ते शोधत होते. इथे कुणीतरी मुद्दाम ठरवलं, की जिथे यंत्र काहीच दाखवत नाही तिथे बघायचं. ध्वनी दोन वेगळ्या पदार्थांच्या सीमेवर आपटला तरच परततो. स्नायू संपून पाणी सुरू झालं की एक प्रतिध्वनी, पाणी संपून पिशवीचा बाहेरचा पदर लागला की दुसरा. मधलं पाणी सगळीकडे सारखं, म्हणून मुकं.

घरी परतल्यावर कळलं, की असंच यंत्र त्यांच्याच संस्थेत मेंदूविकारवाल्यांकडे वापराविना पडून आहे. ते मागून आणलं. हृदयाभोवती पाणी झालेला एक रोगी मिळाला. त्याच्या छातीवर टोकणी ठेवली तर मागच्या भिंतीचा एकच संकेत दिसण्याऐवजी दोन दिसले. एक ठोक्याबरोबर हलणारा, म्हणजे हृदयाचा. दुसरा जवळजवळ स्थिर, म्हणजे पिशवीचा. मध्ये काळी पट्टी. रोगी उताणा झोपला की पाणी मागच्या बाजूला उतरतं, म्हणून पट्टी मागेच शोधायची, हेही ध्यानात आलं. एवढ्यावर न थांबता शल्यविशारद जॉन वाल्डहाउसेन यांच्यासह कुत्र्यांवर प्रयोग झाले. हृदयावरणात खारं पाणी भरलं की पट्टी उघडायची, काढून घेतलं की मिटायची. १ मार्च १९६५ च्या अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात चार पानांचा लेख आला. रोग्याला पलंगावरून हलवायचं नाही, शिरेत काही सोडायचं नाही, टोचायचं नाही, काही मिनिटांत उत्तर.

यात फसगतीला वाव नव्हता असं नाही. यंत्राची संवेदनशीलता वाढवायची एक खुंटी असते. ती जास्त पिळली की पडदा पांढऱ्या कणांनी भरून जातो आणि काळी पट्टी बुजते. फार कमी केली तर नसलेली पट्टी दिसायला लागते. हृदयावरची चरबी आणि फुप्फुसाभोवतीचं पाणीही फसवतं. म्हणजे रेडिओवर स्टेशन लावताना जसा कान लागतो, तसा इथे हात बसावा लागतो. फायगेनबॉमनी हे ओळखलं आणि जानेवारी १९६८ मध्ये इंडियानापोलिसला या विषयाचं शिक्षणसत्रच भरवलं. १९७२ मध्ये पाठ्यपुस्तक लिहिलं. एडलरनी शोध लावला, फायगेनबॉमनी तो शिकवला. कुणाचं श्रेय मोठं हा वाद घालायचाच असेल तर मी म्हणेन, पाण्यापुरतं दुसऱ्याचं. एडलर आणि हर्ट्झना १९७७ मध्ये लास्कर पारितोषिक मिळालं. नोबेल मात्र मिळालं नाही.

पट्टी सापडल्यावर एक जुनं कोडंही सुटलं. खूप पाणी झालेल्या काही रोग्यांच्या ईसीजीत एक ठोका उंच, पुढचा बुटका, परत उंच असं आळीपाळीनं येतं. का, ते धड सांगता येत नव्हतं. १९६६ मध्ये फायगेनबॉम आणि सहकाऱ्यांनी अतिध्वनीत पाहिलं, तर भरपूर पाण्यात सुटं झालेलं हृदय झोपाळ्यासारखं हेलकावे खात होतं. एका ठोक्याला छातीजवळ, पुढच्या ठोक्याला दूर. ईसीजी बिचारा जे आहे तेच लिहीत होता.

या सगळ्या काळात चित्र म्हणजे नुसत्या रेषाच होत्या. हृदय हृदयासारखं दिसायला सत्तरचं दशक उजाडलं. रॉटरडॅममध्ये क्लास बॉम यांनी ओळीनं मांडलेल्या स्फटिकांची टोकणी केली, अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात ध्वनीचा झोत विद्युत-मार्गानं वळवायचं तंत्र निघालं, आणि दोन मितींतलं चालतंबोलतं चित्र आलं. आपल्या तोंडातलं ‘टू-डी’ ते हे. आता पाणी आहे का, याच्या पुढचा प्रश्न विचारता येऊ लागला : या पाण्यानं हृदय दबतंय का? उजव्या बाजूचा दाब मुळात कमी, त्यामुळे दबलं तर आधी तीच बाजू आत खचते. उजवी कर्णिका आणि उजवी जवनिका सैलावण्याच्या क्षणी आत मुडपताना दिसली, की रक्तदाब कोसळण्याची वाट बघायची नाही. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला या खुणा पक्क्या झाल्या आणि बेकच्या त्रयीसाठी थांबण्याचे दिवस संपले.

सुईचंही तसंच. इकोआधी ती बहुतेकदा छातीच्या मधल्या हाडाखालून डाव्या खांद्याच्या रोखानं, देवाचं नाव घेऊन जात असे. वाटेत यकृत लागायचं, कधी खुद्द हृदय. मेयो क्लिनिकनं १९७९ पासून आधी इकोनं पाणी सर्वांत जास्त आणि त्वचेला सर्वांत जवळ कुठे आहे ते बघायचं आणि तिथूनच टोचायचं, अशी पद्धत घातली. २१ वर्षांत त्यांनी अशा ११२७ वेळा सुया घातल्या आणि त्यांचा हिशोब २००२ मध्ये छापला.

एवढं सगळं असूनही इकोला एक गोष्ट नीट जमत नाही. त्याला पाणी दिसतं, पण पाणी ज्या सुजेमुळे झालं ती सूज त्याला सहसा दिसत नाही. पिशवी लालबुंद, चिडलेली असेल आणि पाणी अजून साठलं नसेल, तर इको साफ येतो. त्यासाठी एमआरआयची वाट धरावी लागते. शिरेतून गॅडोलिनियम हे द्रव्य देऊन थोड्या वेळानं चित्र घेतलं, की सुजलेलं आवरण उजळून निघतं, जणू हृदयाभोवती कुणी पांढऱ्या खडूनं रेघ ओढावी. दुखणं परत परत उलटतंय का, औषध थांबवावं की नाही, हे ठरवायला ती रेघ उपयोगी पडते. पण एमआरआय तालुक्याच्या गावी सहसा मिळत नाही आणि इको मिळतो, हेही खरं. आणि आपल्याकडे हृदयाभोवतीचं पाणी म्हटलं की आधी क्षयाची शंका घ्यावी लागते, ती फेडायला नुसतं चित्र पुरत नाही, पाणीच तपासायला द्यावं लागतं.

तेव्हा छातीत दुखतंय, आडवं झालं की वाढतं, पुढे वाकून बसलं की कमी होतं, आणि रिपोर्टवर नो पेरिकार्डियल इफ्यूजन लिहिलंय, तर तेवढ्यावर फाइल कपाटात टाकू नका, पुन्हा डॉक्टरांकडे जा. २०१५ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार हृदयावरणाची ताजी सूज ठरवायला चारपैकी दोन गोष्टी लागत : तसलं दुखणं, ईसीजीतले बदल, इकोत नव्यानं दिसलेलं किंवा वाढलेलं पाणी, आणि छातीला स्टेथोस्कोप लावल्यावर ऐकू येणारी, कोलँनं १८२४ मध्ये नोंदवलेली ती नव्या कातड्याची करकर.